आधी लो, मग टायर

जिप्सी घेऊन आलेला माणूस गाडी उभी करतो आणि पुरता खाली उतरायच्या आतच टायरचं विचारतो. एकतीस इंची बसेल का? पाटे चढवावे लागतील का? फेंडर किती कापावा लागेल? मी त्याचं सगळं ऐकून घेतो, गाडीखाली जाऊन येतो आणि सांगतो, "टायर शेवटी बघू. आधी लो बघू." काहींचा चेहरा पडतो. टायर लांबून दिसतो; लो म्हणजे ट्रान्सफर केसच्या पोटातला खालचा गिअर, तो कुणाला दाखवता येत नाही. पण सह्याद्रीतल्या ओल्या चढावर गाडीला वर नेतो तो हा न दिसणारा गिअर. पुणे-सातारा रस्त्यावर, खेड शिवापूरच्या अलीकडे माझं गॅरेज आहे आणि बरीच वर्षं मी फोर व्हीलच्या गाड्यांशिवाय दुसरं काम घेतलेलं नाही. ह्या एका मुद्द्यावर मी गिऱ्हाइकाशी तासभर वाद घालायला तयार असतो.

जिप्सीच्या १.३ लिटर इंजिनाची ताकद ८० बीएचपी. आकडा वाईट नाही, कारण गाडी जेमतेम टनभर वजनाची. पण तिचा सगळ्यात जास्त टॉर्क, म्हणजे १०३ न्यूटन-मीटर, मिळतो ४५०० आरपीएमला. डोंगरातल्या पायवाटेवर ४५०० आरपीएमला कोण गाडी चालवतो? तिथे इंजिन हजार-बाराशेवर घुटमळत असतं, आणि तिथे ह्या इंजिनात फारसं काही नसतं. ही कमतरता गिअरनंच भरून काढावी लागते. मूळ जिप्सी १.३ मध्ये पहिला गिअर ३.६५ चा आणि ट्रान्सफरचा लो २.२७ चा. हजार आरपीएमला गाडी ताशी साधारण ४ किलोमीटरनं सरकते, म्हणजे माणूस चालतो त्या वेगानं. समोर वीतभर उंचीचा दगड आला की इंजिन गुदमरतं. मग चालवणारा एक तर अर्ध्या क्लचवर खेळतो, नाहीतर रेस देतो. क्लचवर खेळला तर प्लेट जळते. रेस दिली तर चाक जागच्या जागी फिरतं आणि खालची माती खणून काढतं.

आता ह्याच गाडीला मोठा टायर घाला. मूळचा २०५/७० आर १५ टायर व्यासानं ६६८ मिलिमीटर भरतो. एकतीस इंची म्हणजे ७८७. व्यास जवळजवळ १८ टक्क्यांनी वाढला. इंजिनाला वाटणार, कुणीतरी आपल्याला वरच्या गिअरमध्ये टाकलंय. चाक जमिनीला जो जोर लावतं तो १५ टक्क्यांनी घटला. वर टायर जड, म्हणून ब्रेक लागायला वेळ, किंगपिनच्या बेअरिंगवर ताण, हबच्या बेअरिंगवर ताण. गाडी उंच दिसते, फोटो छान येतो, आणि पहिल्याच खड्या चढावर क्लचचा वास येतो. असा वास घेऊन माझ्याकडे आलेल्या गाड्या मी पुष्कळ उघडल्यात.

मी शिकलो भोरला, एका जुन्या मिस्त्रींच्या हाताखाली. त्यांच्याकडे तेव्हा महिंद्राच्या थ्री-बी जीपा यायच्या, युद्धानंतर महिंद्रानं मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली त्या घराण्यातल्या. इंजिनाची ताकद सत्तर-पंच्याहत्तर हॉर्सपॉवरची, तीही नवी असताना. पण डिफरन्शियलच्या गोळ्यात ५.३८ चा क्राऊन-पिनियन आणि ट्रान्सफरला २.४६ चा लो. टायर सहाशे-सोळा, म्हणजे जेमतेम सहा इंच रुंद. मिस्त्री एवढंच म्हणायचे, "पोरा, जीप पळत चढत नाही, चालत चढते." ते ती जीप भाताच्या खाचरातून काढायचे. खाचरात वर चिखल आणि खाली पिढ्यान् पिढ्या नांगरटीनं दाबून बसलेला कडक थर असतो. अरुंद टायर चिखल कापून त्या थरावर जाऊन बसतो आणि तिथे पकड घेतो. रुंद टायर चिखलावर तरंगतो, आणि आमच्या मावळपट्ट्यातल्या चिखलावर तरंगणं म्हणजे पुढच्या बांधाला जाऊन धडकणं. वाळवंटात रुंद टायर हवा, तिथे खाली कडक थरच नसतो. इथे तो वीतभर खोलीवर असतो. रुंद टायरची हौस वाळवंटातल्या व्हिडिओंमधून आपल्याकडे आली आणि खाचराचा विचार करायचा राहिला, असं मला वाटतं.

ह्या वर्षी मेच्या सुरुवातीला एक काका आले. शाळेतून निवृत्त झालेले, वेल्ह्याच्या पुढे डोंगरात त्यांची शेती. शेवटचे काही किलोमीटर कच्चा रस्ता. वाडीत एवढी एकच चारचाकी, म्हणून दुधाचे कॅन, खताची पोती, आजारी माणूस, सगळं त्यांच्याच जिप्सीतून खाली-वर. बरोबर मुलगा होता. मुलाला एकतीस इंची हवे होते. काका म्हणाले, "मला उंच गाडी नको. दर पावसाळ्यात त्या शेवटच्या चढाला माझी चाकं फिरतात आणि रस्ता खणला जातो. वाडीतलं कुणी तोंडावर बोलत नाही, पण पाणी माझ्याच चाकोरीतून वाहतं हे मला दिसतं."

असं काम मला मनापासून आवडतं. कारण फिरणाऱ्या चाकानं जे होतं ते काकांनी अचूक पाहिलं होतं. जूनमध्ये चाकानं काढलेली चार बोटांची चाकोरी जुलैत ओहोळ होते आणि ऑगस्टमध्ये तिथून मुरूम वाहून जाऊन खालचे गोटे उघडे पडतात. गणपतीला मुंबईहून येणारा माणूस मग रस्त्याच्या नावानं बोटं मोडतो. मोकळ्या सड्यांवरचं नुकसान तर ह्याहून वाईट, तिथे मातीच मुळात वीतभर. एकदा गवताचं मूळ निघालं की खाली कातळ. म्हणून सड्यावर गाडी घालणाऱ्याचं काम मी घेत नाही.

काकांच्या गाडीसाठी आम्ही हिशेब मांडला. जिप्सीच्या पहिल्या पिढीत, १९८५ साली आलेल्या एक लिटरच्या ४१० मॉडेलमध्ये, इंजिन आणखी लहान होतं, म्हणून तिच्या ट्रान्सफरचे गिअर जास्त खालचे ठेवले होते. तिचा हाय १.५८ आणि लो २.५१; पुढच्या १.३ मध्ये हाय १.४१ आणि लो २.२७. ४१० चे गिअर १.३ च्या ट्रान्सफरमध्ये बसवता येतात. ही युक्ती सुझुकीच्या ह्या छोट्या जीपवर जगभरच्या मेकॅनिकांनी केली आहे. ह्यानं लो साधारण ११ टक्क्यांनी आणि हाय १२ टक्क्यांनी खाली येतो.

मुलगा एकतीसवरून २३५/७५ आर १५ वर आला. तो टायर ७३३ मिलिमीटरचा, मूळपेक्षा जवळपास १० टक्क्यांनी मोठा. म्हणजे गिअरनं दिलेलं सगळं टायरनं परत घेतलं आणि गाडी होती तिथेच राहिली. मी २१५/७५ आर १५ सुचवला. व्यास ७०३ मिलिमीटर, वाढ ५ टक्के. लोमध्ये ५ टक्के हातात उरतात, गाडी पावणेदोन सेंटिमीटर उंच होते, पाटे चढवावे लागत नाहीत, फेंडरला हात लागत नाही आणि रुंदी जेमतेम एक सेंटिमीटरनं वाढते. पाच टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण ४१० चे गिअर आणि २१५ चे टायर असलेली गाडी, आणि नुसते एकतीस इंची चढवलेली मूळ गिअरची गाडी, दोन्ही शेजारी शेजारी उभ्या केल्या तर लोमध्ये चाकाच्या जोरात जवळपास २४ टक्क्यांचा फरक पडतो. हा आकडा मी कागदावर लिहून दाखवला तेव्हा मुलगा गप्प झाला आणि काकांनी टायरची ऑर्डर द्यायला सांगितली.

गाडी वर घेतली. जिप्सीचं ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेलं नसतं; ते वेगळं, चासीला तीन रबरी माउंटवर टांगलेलं असतं आणि मधल्या आखूड प्रॉपेलर शाफ्टनं गिअरबॉक्सला जोडलेलं असतं. काकांच्या गाडीचा एक माउंट फाटला होता. जोर लागला की अख्खं ट्रान्सफर पीळ खायचं, आखूड शाफ्टचे क्रॉस ठोके द्यायचे. चढावर क्लच सोडताना "टक्" असा आवाज येतो, असं काका म्हणाले होते, तो हा. अशा गाडीला कितीही चांगला टायर घातला तरी हळू चालवताच येत नाही. झटका बसतो, झटक्यानं चाक सुटतं. तीनही माउंट नवे घेतले.

४१० चं ट्रान्सफर भंगारातून मिळवलं होतं. ह्या जुन्या गिअरचं एक असतं: डोळ्यांवर विसंबायचं नाही. डिझेलनं धुऊन, कोरडे पुसून, प्रत्येक दातावरून नख फिरवायचं. डाग चालतो, खड्डा चालत नाही. नख अडखळलं की तो गिअर बाजूला. लोच्या गिअरचे दात स्वच्छ होते, कारण रस्त्यावर चाललेल्या गाडीत लो कुणी लावलेलाच नसतो. बेअरिंग, ऑइल सील सगळं नवं. बसवून झाल्यावर बाकावरच परीक्षा घेतली. लो टाकला, बाहेरच्या फ्लँजवर खडूची खूण केली आणि आतला फ्लँज हातानं फिरवायला लागलो. जुन्या ट्रान्सफरला बाहेरच्या एका फेऱ्यासाठी आत सव्वादोन फेरे लागत होते. ह्याला अडीच. काका शेजारी स्टुलावर बसून फेरे मोजत होते. शाळेत गणित शिकवलेला माणूस. तिसऱ्यांदा मोजून त्यांनी मान डोलावली.

टायरच्या नक्षीबद्दलही बोलायला हवं, कारण इथे लोक डोळे मिटून सगळ्यात भयंकर दिसणारा मड टायर घेतात. आपल्या डोंगरात माती एका जातीची नाही. घाटमाथ्याच्या पूर्वेला काळी माती. ती भिजली की फुगते आणि टायरच्या खाचांत लुकणासारखी बसते. तिथे ठोकळ्यांमधली जागा मोठी हवी, म्हणजे चाक फिरताना माती झटकली जाते. कोकणात उतरलं की जांभ्यावरची तांबडी माती. पातळ चिखलाचा थर आणि खाली टणक दगड. तिथे मोठे ठोकळे घसरतात, बारीक चिरा असलेला टायर धरून ठेवतो. आणि सगळीकडे काळा बसाल्ट, त्याच्या धारेनं टायरची बगल चिरते. काकांच्या वाटेला मुरूम जास्त, काळी माती थोडी, शेवटी बसाल्टच्या पायऱ्या, आणि आठवड्यातून दोनदा डांबरी रस्त्यानं बाजार. मी जाड बगलेचा ऑल टेरेन घेतला. डांबरावरही चालणाऱ्या गाडीला मड टायर घालणं मला पटत नाही. ओल्या डांबरावर ब्रेक दाबल्यावर त्याचा भरवसा कमी असतो, आणि घाटात ओलं डांबर चार महिने असतं.

पाचही टायर एकदमच घ्यायला लावले, स्टेपनीसकट. जिप्सीत मधला डिफरन्शियल नाही. फोर व्हील टाकलं की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना जखडले जातात. पुढचे टायर झिजलेले आणि मागचे नवे असले की दोन्ही धुऱ्या वेगवेगळं अंतर कापू बघतात आणि ती ओढाताण क्रॉस आणि गिअरवर निघते. ह्याच कारणानं कोरड्या डांबरावर फोर व्हील लावायचं नाही, हे मी प्रत्येकाला गाडी देताना पुन्हा सांगतो. टायर बसल्यावर फरशीवर खुणा करून प्रत्येक चाकाचा एक पूर्ण फेरा मोजला. हिशेबानं २.२१ मीटर, गाडीच्या वजनानं टायर दबतो म्हणून थोडं कमी भरलं, पण चारही चाकांना सारखं भरलं. महत्त्व त्याला.

स्पीडोमीटरची वायर ट्रान्सफरमधूनच निघते, गिअरच्या पुढून. त्यामुळे गिअर बदलून काटा बदलत नाही, टायर बदलला की बदलतो. काट्यावर ६० असेल तेव्हा गाडी ६३ वर असते, हे डॅशबोर्डवर लिहून चिकटवलं. आणि कागदपत्रं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं आहे. आकार बदलायच्या आधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा, असं मी सांगतो आणि ते पत्र बघितल्याशिवाय टायर चढवत नाही. ह्यानं काही गिऱ्हाइकं दुसरीकडे जातात. जाऊ देत.

पाऊस लागल्यावर, जूनच्या शेवटी, काकांनी मला त्या चढावर बोलावलं. रात्रभर कोसळत होता, ओहोळ भरून वाहत होते. चढाच्या पायथ्याशी थांबून टायरची हवा २८ वरून १८ वर आणली. हवा कमी केली की टायर आडवा फारसा पसरत नाही, लांब होतो. जमिनीला टेकलेला पट्टा पुढे-मागे वाढतो आणि जास्त ठोकळे एकाच वेळी काम करतात. ह्याच्याखाली फार जाऊ नये, वळताना टायर रिमवरून सुटतो. पहिला गिअर, लो, पाय क्लचवरून काढून फरशीवर. काकांना एवढंच सांगितलं की अ‍ॅक्सिलेटरला अगदी हलका पाय ठेवा आणि गाडीला तिच्या चालीनं जाऊ द्या.

मी चालत बाजूनं होतो, आणि मला गाडीबरोबर राहायला घाई करावी लागली नाही. मुरमाचा भाग सरळ गेला. पहिल्या बसाल्टच्या पायरीला पुढचं उजवं चाक टेकलं, इंजिनाचा आवाज जरा खोल गेला, बंद पडेल असं वाटलं, आणि चाक दगडाच्या अंगावरून चढून गेलं. दुसऱ्या पायरीला गाडी तिरकी झाली आणि मागचं डावं चाक उचललं गेलं. साधा डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो; एक हवेत असलं की त्याला जेवढा थोडका जोर लागतो तेवढाच दुसऱ्याला मिळतो. चाक फिरायला लागलं. "हँडब्रेक, दोन दात," मी ओरडलो. हँडब्रेकनं मागच्या फिरत्या चाकाला खोटा भार मिळाला, जमिनीवरच्या चाकाकडे जोर गेला आणि गाडी वर आली. मी मागे वळून रस्ता पाहिला. मुरमात ठोकळ्यांचे ठसे एकामागे एक उमटले होते, कडा शाबूत, फक्त त्या एका पायरीपाशी हातभर ओरखडा. काका उतरून खाली आले, ठशात बोट घालून खोली बघितली आणि म्हणाले, "एवढंच? मग माझी वाट राहील."

मुलाचा पुढचा प्रश्न अपेक्षित होता: मागे लॉकर टाकू या का? टाकण्यासारखा आहे. लॉकर म्हणजे मागची दोन्ही चाकं एकमेकांना बांधणं, मग एक हवेत असलं तरी दुसरं ओढतं. पण जिप्सीसारख्या हलक्या आणि आखूड गाडीत आपोआप लागणारा लॉकर ओल्या घाटरस्त्यावर वळणात गाडीचं मागचं अंग सरकवू शकतो. हवेच्या दाबानं हवा तेव्हा लागणारा आणि एरवी मोकळा राहणारा चांगला, तो महाग. शिवाय लॉकर बसवायचा म्हणजे गोळा बाहेर काढून क्राऊन-पिनियनची सेटिंग नव्यानं लावायची; दातांमधली ढिलाई मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास ठेवायची आणि दातांवर रंग लावून ठसा मधोमध पडतोय का ते बघायचं. घाईचं काम नव्हे. पुढच्या धुरीला लॉकर तर मी नाहीच म्हणतो. स्टिअरिंग पूर्ण वळवून जोर दिला की पुढच्या चाकाजवळचा जॉइंट तुटतो, आणि तो वाडीच्या रस्त्यावर तुटला तर गाडी खाली आणायला ट्रॅक्टर लागतो.

पावसाळा संपल्यावर गाडी ऑइल बदलायला आली. धुऱ्यांचे ब्रीदर आम्ही मेमध्येच पाइप लावून इंजिनाजवळ वर घेतले होते. चढ चढून तापलेला गोळा थंड ओढ्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि मिळेल तिथून पाणी ओढते. ब्रीदर खाली असेल तर तिथून नाहीतर सीलमधून. मग ऑइल दुधाळ होऊन बाहेर येतं. काकांचं ऑइल काळं आणि स्वच्छ निघालं. ट्रान्सफरचंही. चुंबकाच्या बोल्टवर बारीक राखाडी भुकटी होती, कण नव्हते.

मुलगा ह्या वेळी ४.१६ चा गिअर सेट घेऊन यायचं म्हणत होता. बाहेरून मागवायचा, लो थेट मूळच्या १.८ पटीवर. हजार आरपीएमला गाडी ताशी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास चालेल, त्या पायऱ्यांवर फार सुंदर चालेल हे मला ठाऊक आहे. पण गिअर खाली गेला की धुऱ्यांवर येणारा पीळ त्याच पटीत वाढतो, आणि जिप्सीचे मागचे शाफ्ट इतक्या जोरासाठी केलेले नाहीत. त्याच्याआधी शाफ्ट तपासायचे आणि मागच्या ब्रेकची लायनिंग बघायची. पावसाळाभर चिखलाचं पाणी ड्रममध्ये गेलंय आणि हँडब्रेकचा दांडा आता दोन दातांवर थांबत नाही, पाचावर जातो. चढावर गाडी वर घेताना ज्याच्यावर मदार होती तोच हा ब्रेक. काकांना पटलं. दिवाळीनंतर भाताची झोडणी उरकली की गाडी येईल. ड्रम आधी उघडू, ४.१६ चं मग ठरवू.